एक गोळा, दोन स्टेशने

गेल्या वर्षी वर्गात एका मुलाने मला चांगलेच अडवले. “गुरुजी, बाबा गोंदियात आणि आई आमगावात, दोघे एकाच क्षणी एकाच खात्यातून पैसे काढू लागली, तर बँकेच्या यंत्रांनी काय करायचे?” मॅट्रिक झालेल्या मास्तराने यावर काय सांगावे! पण उत्तर मला आमच्या स्टेशनावरच सापडले.

१९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत अडीच फुटी रूळ पडले. तीच आमची ‘छोटी लाइन’. रूळ एकेरी. समोरासमोर दोन गाड्या सुटल्या, तर माणसांच्या जिवाशी गाठ.

घड्याळावर भिस्त ठेवावी, असे कोणी म्हणेल. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. त्यापूर्वी रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले. गंमत अशी, की गोंदिया आणि मद्रास जवळजवळ एकाच रेखांशावर. मुंबईचा सूर्य स्टेशनच्या घड्याळामागे अर्धा तास राही. आमचा बरोबर जुळे. पण घड्याळ जुळले, म्हणून गाडी थोडीच वेळेवर येते?

म्हणून देशातल्या अनेक एकेरी मार्गांवर निराळी रीत पडली. शेजारच्या दोन स्टेशनांत तारेने जोडलेली दोन यंत्रे. घंटेच्या ठोक्यांनी एक मास्तर विचारी, दुसरा संमती देई. तेव्हाच यंत्रातून धातूचा एक गोळा सुटे. वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीतून तो ड्रायव्हरच्या हाती जाई. तो बाहेर असेतो कोणत्याच टोकाला दुसरा गोळा निघत नसे. गोळा हरवला, तर गाड्या खोळंबत. पण समोरासमोर सुटत नसत.

दोन्ही मास्तरांच्या वह्या आपापल्या. साऱ्या मार्गाची खबर कोणालाच नाही. चाले ते निरोपावर आणि संमतीवर. १९७८ साली लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने हेच सूत्र यंत्रांसाठी मांडले : दूरदूरच्या यंत्रांत आधी काय घडले, ते घड्याळांवर न विसंबता एकमेकांना धाडलेल्या निरोपांवरून ठरवावे. खात्याची नोंद बदलण्याचा हक्कही एका वेळी एकालाच द्यायचा. काही पद्धतींत त्या हक्काला ‘टोकन’ असेच म्हणतात. रेल्वेतही त्या गोळ्याचे नाव तेच!

छोटी लाइन गेली; तिथे आता रुंद रूळ आहेत. दिवाळीला माहेरी निघालेली लेक मुलांना कुशीत घेऊन गाडीत निर्धास्त झोपते, ती अशाच कुणाच्या थांबण्याच्या भरवशावर.

हे सारे ऐकून तो मुलगा म्हणाला, “म्हणजे आईने थांबायचे?”

“कुणीतरी थांबायलाच हवे, बाळ. या खेपेस बाबांना थांबू दे!”