वाया जाणाऱ्या धुराची ताकद

डिझेल इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे त्याला जास्त डिझेल पाजायचं, असं आपल्याला सहज वाटतं. पण अडचण डिझेलची नसते, हवेची असते. हवा कमी पडली की जादा डिझेल नीट जळत नाही. काळा धूर निघतो, पिस्टन वितळूही शकतो.

आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये ज्या युक्तीचं पेटंट घेतलं ती बघा. बाहेर जाणाऱ्या गरम वायूंनी एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा सिलिंडरमध्ये कोंबायची. टर्बोचार्जर तो हाच. डिझेल इंजिनावर तो यशस्वी व्हायला १९२५ उजाडलं, आणि मान आधी जहाजांना मिळाला. वीस वर्षं! कल्पना सुचणं आणि ती उष्णता सोसणारा धातू हाती असणं, यांत एवढं अंतर पडतं. आपण मात्र पेटंटचीच तारीख पाठ करतो.

१९५४ मध्ये व्होल्वोच्या टायटन ट्रकचं इंजिन तेवढ्याच आकाराचं राहिलं, अश्वशक्ती मात्र १५० वरून १८५ झाली. पण दाबलेली हवा तापते, आणि तापली की तेवढ्याच जागेत कमी मावते. म्हणून पुढे तिला थंड करणारा इंटरकूलर आला.