आधी श्वास की आधी हृदय? निजामाच्या पैशांवर झालेला एक प्रयोग

बिदर-कलबुर्गीचा गंभीर पेशंट आजही ॲम्ब्युलन्समधून हैदराबादचा रस्ता धरतो. ही वाट जुनी. १९४८ पर्यंत आपण निजामाच्याच राज्यात होतो. आज नर्सिंगच्या मुलीला व्हेंटिलेटरचा धडा गिरवावा लागतो, त्यातला एक मूळ प्रश्न सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी याच राज्याच्या राजधानीत मांडला गेला, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

प्रश्न असा होता. क्लोरोफॉर्म देताना माणूस दगावतो, तेव्हा आधी श्वास थांबतो की हृदय? १८४८ साली इंग्लंडात हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या साध्या शस्त्रक्रियेत गेली, तेव्हापासून वाद पेटलेला. लंडनवाले म्हणत, नाडी बघा. एडिंबरावाले म्हणत, श्वास बघा. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी एडिंबऱ्याचे, पक्के श्वासवाले.

१८८८ साली पहिलं हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. निष्कर्ष 'लॅन्सेट'ला पटेना. मग सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १,००० पौंड देऊ केले आणि १८८९ मध्ये लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन प्रयोग बघायला हैदराबादेत आले. शेकडो जनावरांवर, मुख्यतः कुत्र्यांवर, प्रयोग झाले. या कामात हैदराबाद मेडिकल स्कूलच्या रूपाबाई फर्दुनजी होत्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचं नाव घेतात.

निकाल लागला: श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. मधल्या वेळात कृत्रिम श्वास दिला तर जीव वाचू शकतो. म्हणून भूल देणाऱ्यानं लक्ष फक्त श्वासावर ठेवावं.

यातलं पहिलं फार मोलाचं, पण तो 'फक्त' घातक ठरला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं, की भूल हलकी असताना शरीरात ॲड्रिनलिन वाढलं तर श्वास चालू असतानाही हृदय फडफडून बंद पडू शकतं. आमच्या इंजिनिअरी भाषेत सांगायचं तर, ज्या स्थितीत यंत्र बिघडतं ती स्थिती चाचणीत नीट आलीच नव्हती. प्रयोग शेकडो झाले, पण संख्या वाढली म्हणून चाचणी पूर्ण होत नाही.

धड्याचा दुसरा भाग कोपनहेगनचा. १९५२ च्या पोलिओ साथीत सुरुवातीच्या ३१ गंभीर रुग्णांपैकी २७ गेले. रक्तातला क्षार वाढलेला, म्हणून डॉक्टर वेगळाच आजार समजत होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन म्हणाले, हा कार्बन डायऑक्साइड साठतोय, फुफ्फुसात हवा पुरेशी खेळतच नाही. त्यांनी १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि हातानं पिशवी दाबून श्वास दिला. ती वाचली. पुढे सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात ४० च्या आसपास आलं. आजच्या अतिदक्षता विभागाचा पाया इथला.

म्हणजे श्वसन निकामी होण्याचे प्रकार दोन. एकात ऑक्सिजन रक्तात पोचत नाही, दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. दुसरा जास्त फसवा. पेशंटला ऑक्सिजन लावलेला असला तर बोटावरचं यंत्र आकडा चांगला दाखवत राहतं, आणि पेशंट मात्र गुंगीत जात असतो. म्हणून श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, अंदाजानं '२०' लिहायचं नाही.

व्हेंटिलेटर शेवटी पंप आणि व्हॉल्व्हच. ठरलेली हवा ठरलेल्या दाबानं आत ढकलतो, सोडतो. दाबाचा अलार्म वाजला की नळी सरकली का, कफानं तुंबली का, फुफ्फुसाबाहेर हवा साठली का, की यंत्रच बिघडलं, हे बघायचं. पण नजर आधी पेशंटकडे, मग यंत्राकडे. शंका असेल तर मदतीला हाक मारून यंत्र सोडवायचं आणि अंबू बॅग दाबायची. ही बॅगही डेन्मार्कचीच, १९५६ ची.

मार्च २०२० मध्ये देशातला कोविडचा पहिला मृत्यू नोंदला गेला तो कलबुर्गीचा. त्यानंतर व्हेंटिलेटर हा शब्द गावोगावच्या पारावर पोचला. किती यंत्रं आली याची चर्चा खूप झाली. ती रात्री तीन वाजता कुणी सांभाळायची, याची कमी झाली. कमिशनचा अर्धा निकाल त्या मुलीसाठी आजही खरा आहे: श्वासावरची नजर हलू देऊ नकोस. उरलेला अर्धा लेव्हींचा: दुसरं बोट नाडीवर असू दे.