यमुना-हिरा-तारा : एका पाटीवरच्या तीन बहिणी

वाचकहो, होळकरांच्या या नगरीत अनंत फंदींची आख्यायिका कोणाला ठाऊक नाही? संगमनेरचा हा शाहीर (१७४४–१८१९) तमाशाचे फड गाजवत होता. अहिल्याबाईंनी कानउघाडणी केली आणि त्याने डफ खाली ठेवून कीर्तनाची वाट धरली, असे सांगतात. फंदींच्या काळी तमाशात बाईचे काम नाच्या पोऱ्या करी. स्त्रिया फडात रुळल्या त्या पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्यांच्या बाबतीत एक प्रश्न विचारावासा वाटतो. फंदींना तमाशातून बाहेर पडायला कीर्तनाचे दार होते. या स्त्रियांना कोणते होते?

याचे उत्तर वाईच्या बहिणींच्या चरित्रात सापडते. यमुनाबाई वाईकर यांचा जन्म ३१ डिसेंबर १९१५ चा, कोल्हाटी समाजातला. दोरीवरच्या कसरती आणि नाचगाणे हीच या समाजाची पोटापाण्याची साधने. लहानपणी यमुनाबाई आईबरोबर रस्त्यावर खेळ करीत. लावणीचा पहिला पाठ आईचाच. पुढे बहिणींना घेऊन त्यांनी स्वतःची पार्टी उभी केली. तिचे नाव : ‘यमुना-हिरा-तारा वाईकर संगीत पार्टी’.

हे नाव जरा थांबून वाचा. ढोलकीफडाचा तमाशा म्हणजे गण, गौळण, बतावणी, वग असा मोठा पसारा, जत्रेमागून जत्रा करणारा. त्याच्या पाटीवर बहुधा पुरुषांची नावे असत. विठाबाई नारायणगावकर घडल्या तो फडही वडील-चुलत्यांच्या, भाऊ-बापूंच्या नावाचा. संगीत बारीची रीत निराळी. बारी म्हणजे पाळी. एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि पाळीपाळीने बोर्डावर येतात. तिथे वग नाही, राजा-प्रधान नाहीत. लावणी, अदा, घुंगरू, ढोलकी आणि पेटी एवढ्यावरच रात्र तोलायची. म्हणून पाटीवर गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांची नावे आणि आडनावाच्या जागी गाव. नवऱ्याचे नाव नाही, बापाचेही नाही.

यात अभिमान होता, तशी किंमतही होती. कोल्हाट्यांत बोर्डावर उभी राहणारी मुलगी लग्न करीत नसे. तिच्या कमाईवर आईबाप, भाऊ, भावजया, त्यांची मुले जगत. तिची स्वतःची मुले आईचे नाव लावीत. डॉ. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनावर लेखकाचे नाव पाहिले, तरी ही रीत लक्षात येते. अशा घरात बहीणच बहिणीचा आधार. एकीने अदा करावी, दुसरीने मागे सूर धरावा. एकीचा आवाज बसला, अंगात ताप असला, तर दुसरीने बारी निभावून न्यावी. दौलतजादा कोणासाठीही येवो, चूल एकच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या बहिणींना तमाशा सोडून जाण्याचे दार नव्हते. यमुनाबाईंनी दार केले ते लावणीतच. बैठकीच्या लावणीत एकाच ओळीचे भाव चेहऱ्याने, नजरेने, बोटांनी पुन्हापुन्हा नवे करून दाखवायचे असतात. या अदाकारीच्या बळावर त्या थिएटराबाहेरच्या जाणकारांपर्यंत पोचल्या. पंडित बिरजू महाराजांबरोबर त्यांची जुगलबंदी झाली. १९९५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०१२ मध्ये, वयाच्या सत्याण्णवाव्या वर्षी, पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी त्या गेल्या, तेव्हा शंभरी उलटलेली होती.

सन्मानपत्रावर मात्र एकच नाव मावते. त्याला यमुनाबाईंचा दोष नाही. सन्मान देण्याची आपली पद्धतच तशी आहे. पाटीवर तीन नावे होती, इतिहासात ठळक उरले एक. हिरा आणि तारा यांनी मागे धरलेला सूर कोणत्या पुरस्काराच्या यादीत लिहायचा? फंदींच्या गोष्टीत त्यांच्या मागचे झीलकरी असेच नाव न घेता निघून गेले.

म्हणून, वाचकहो, लावणीचा इतिहास लिहिताना आणि वाचताना पदव्यांच्या आधी जुन्या पाट्या वाचाव्यात. त्यांवर कलावतीचे नाव तर असतेच. ती कोणाच्या आधाराने उभी होती, तेही लिहिलेले असते.