जुनी जावा आणि तिचे उसने अवयव

काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात जुने सुपे बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. तरी तालुका तोच राहिला. जुन्या मोटारसायकलीविषयीही असेच म्हणता येईल काय?

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून 'जावा' बाहेर पडू लागली. पुढे तिचेच 'येझदी' झाले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. मग सुटे भाग दुर्मीळ झाले. जोयड्यासारख्या अरण्यमय, अतिवृष्टीच्या मुलखात लोखंड लवकर गंजते. तेथे जावाच्या सांगाड्यावर येझदीचे इंजिन बसविणे हा कारागिराचा दोष नव्हे. ती निकड होय.

जीर्णोद्धार करणाऱ्याने प्रथम सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात जपलेले आणि सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहनच 'विंटेज' ठरते. म्हणून अस्सल व उसने भाग निवडून वेगळे करणे अगत्याचे आहे.

परंतु काढलेला उसना भाग भंगारात घालू नये. त्यावर चिठ्ठी बांधून तो जपावा. कारखान्याने गाडी घडविली खरी. तिला चालती ठेवली ती गावच्या कारागिराने. इतिहासात दोघांचीही नोंद हवी.