बुचाला पाणी

दिवाळीच्या पहाटे कर्जतच्या आमच्या जुन्या घराचे दार उघडले, की पणतीच्या आधी बुचाची फुले दिसत. अंगणभर पांढरी, लांब दांड्यांची, दवाने ओली. आजी सडा टाकण्यापूर्वी ती सुपात वेचून घेई. दोऱ्यावाचून, दांड्यात दांडे गुंफून, आम्ही पोरे त्यांच्या वेण्या करीत असू. उटण्याचा वास आणि बुचाचा वास, या दोहोंतून दिवाळी कोणती आणि झाड कोणते, हे मला आजही वेगळे करता येत नाही.

झाडांनी फुलावे ते वसंतात, अशी आपली समजूत असते. परंतु काही झाडे थंडीच निवडतात. जपानात चेरीची एक जात वर्षाच्या दहाव्या महिन्यातच फुलू लागते, आणि तिचे नावही ‘दहाव्या महिन्याची चेरी’ असेच आहे. आपल्याकडे हिमालयात आणि शिलाँगच्या डोंगरांत पद्म नावाची रानचेरी दिवाळीच्या सुमारास गुलाबी होते. काष्ठौषधीच्या दुकानात पद्मकाष्ठ म्हणून मिळते, ते याच झाडाचे. हे झाड कर्जतला आणून लावले, तर पहिल्याच वैशाखात त्याचा निकाल लागेल! आमच्या मुरमाड जमिनीत, सीना आणि भीमा यांच्या मधल्या अवर्षणाच्या पट्ट्यात, थंडीच्या तोंडी फुलण्याचे काम बुचाने पत्करले आहे.

तसा तोही पाहुणाच. मूळ घर ब्रह्मदेशाकडचे. सालीचे हलक्या प्रतीचे बूच होते म्हणून आपण त्याला बुच म्हणतो. कोणी गगनजाई म्हणते, कोणी आकाशनिंब. रवींद्रनाथांनी त्याला बंगालीत ‘हिमझुरी’ हे नाव दिले. शास्त्रीय नाव मिलिंग्टोनिया हॉर्टेन्सिस. त्यातला मिलिंग्टन हा सतराव्या शतकातला ऑक्सफर्डचा वैद्य. फुलातील पुंकेसर हे वनस्पतीचे नर-अंग असावे, ही कल्पना त्याने बोलण्याच्या ओघात सुचविली, असे नेहेमाया ग्रू याने 1682 च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. एका संभाषणाच्या पुण्याईवर त्याचे नाव आमच्या अंगणापर्यंत पोहोचले, ही मोठी मौजेची गोष्ट.

आता पाण्याकडे वळू. लावलेल्या झाडाला पाणी केव्हा घालावे, हे सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात सांगून ठेवले आहे: उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड, आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हा. दीड हजार वर्षांत यात फारसे बदलण्याजोगे काही सापडलेले नाही. भर एवढीच घालता येईल, की रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा अंतराने भरपूर द्यावे, म्हणजे मुळे पाण्यामागे खोल उतरतात. आणि द्यावे ते बुंध्याशी नव्हे, फांद्यांच्या घेराखाली. बुचाला ही खोली फार हवी. त्याचे लाकूड ठिसूळ, वादळात मोडणारे.

पण केव्हा घालावे हा प्रश्न सोपा आहे. खरा प्रश्न, कोणाचे पाणी घालावे हा. नगरच्या निजामशाहीने त्याचे उत्तर राजाच्या थाटात दिले. 1490 मध्ये वसलेल्या या शहरात कापूरवाडी, शेंडी, भिंगार अशा बाजूंनी जमिनीखालून नळ घालून पाणी आणले. 1583 मध्ये सलाबतखानाने फराहबाग नव्याने उभारली: मध्ये महाल, भोवती तळे, त्याभोवती बाग. ज्या मुलखात विहिरीचा तळ फाल्गुनात दिसतो, तेथे शोभेसाठी तळे! कारागिरीला तोड नाही, हे कबूल. परंतु त्या नळांना सांभाळणारी सत्ता 1636 मध्ये संपली. आज महालाची भिंत उभी आहे, तळे कोरडे आहे.

त्याच शहराच्या किल्ल्यात 1942 च्या ऑगस्टमध्ये बारा बंदी आणून ठेवले. त्यांत सरदार पटेल होते, मौलाना आझाद होते, आपले शंकरराव देव होते. पंडित नेहरूंनी तेथे फुलांचे वाफे खणायला घेतले. माती कडक, दगडगोट्यांनी आणि जुन्या इमारतींच्या अवशेषांनी भरलेली, असे त्यांनीच लिहिले आहे. किल्ल्यातल्या त्या वाफ्यांना ना खापरी नळ होते ना कारंजे. फावडे धरणारा हात तेवढा होता.

आमच्या घरी हा प्रश्न 1973 च्या उन्हाळ्यात आला. 1972 चा पाऊस गेला होता. वडील खडी फोडण्याच्या कामावर देखरेखीला जात, रेशनवर तांबडी मिलो मिळे. आदल्या दिवाळीला बुचाला मूठभर फुले आली होती. चैत्रात वडील म्हणाले, “आई, झाड तोडू या. सरपण तरी होईल.” शेजारच्या काकूंनीही ऐकवले, “माणसांना पाणी नाही, आणि तुम्ही शोभेच्या झाडाला घालता?”

आजी म्हणाली, “न्हाणीतलं पाणी माणसं पितात का गं?”

पण न्हाणीतले पाणीही राहीना. भांडी राखेने घासून चिंधीने पुसायची वेळ आली. जे धुवण उरे ते गाईच्या घमेल्यात जाई. तेव्हा आजीने एक फुटकी घागर बुचापासून दोन हातांवर गळ्यापर्यंत पुरली, तळाच्या भोकात चिंधीची वात बसवली आणि आठवड्याला मिळेल तेवढे गढूळ पाणी तीत ओतले. घागरीतून झाडाला पाणी पाजण्याची ही रीत दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथातही आहे, हे मी पुढे वाचले. आजीला ती कोणी शिकवली, हे विचारायचे राहून गेले. वडील रोज कुऱ्हाडीकडे बघत आणि काही न बोलता कामावर जात. गाय मात्र वैशाखात विकावी लागली. त्या दिवशी आजीने घागरीत पाणी ओतले नाही.

1973 चा पाऊस चांगला झाला. त्या दिवाळीत काकूंनी आपल्या मुलीच्या वेणीसाठी सकाळीच परडी पाठवली, आणि आजीने ती काठोकाठ भरून दिली.

ते झाड पुढे एका वळवाच्या वादळात पडले. बुचाच्या मुळांना फुटवे येतात; त्यांतला एक वाढून आज गच्चीच्या वर गेला आहे. नातवाने धुलाईयंत्राच्या शेवटच्या पाण्याची नळी तिकडे सोडली आहे. साबणाचे पहिले पाणी मोरीत जाते; त्याबद्दल त्याला दोनदा बजावावे लागले.