वाटाड्या आणि मुकादम

मोटार हाकणाऱ्याला वाट दाखविणारे यंत्र आज ज्याच्या त्याच्या खिशात आहे; त्यामुळे त्याला काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. यंत्र पुढे आले की ते कोणाच्या पैशाने झाले आणि कोणाच्या हाती राहिले, हे विचारण्याची आम्हांस खोडच आहे.

या यंत्राचे मूळ लष्करी. 4 ऑक्टोबर 1957 रोजी रशियाने स्पुटनिक सोडला, तेव्हा अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख या दोघा तरुणांनी त्याचा आवाज ऐकून तो आकाशात कोठे आहे याचे गणित मांडले. आगगाडी जवळ येताना शिटी चढी ऐकू येते आणि दूर जाताना उतरते, तोच हा न्याय. 1958 साली त्यांचे वरिष्ठ मॅक्लुअर यांनी गणित उलटे केले. उपग्रहाचे ठिकाण ठाऊक असेल, तर ऐकणाऱ्याचे काढता येईल! यातूनच पाणबुड्यांसाठी 'ट्रान्झिट' ही व्यवस्था निघाली, पुढे 1973 साली जीपीएसची आखणी झाली, आणि 1978 साली तिचा पहिला उपग्रह वर गेला.

हे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून सतत आपली वेळ आणि आपले ठिकाण पुकारीत असतात. पुकारा पोचायला किती उशीर झाला, यावरून खालचे ग्रहणयंत्र अंतर काढते. चार उपग्रह ऐकू आले की आपले ठिकाण निश्चित होते. घड्याळ सेकंदाच्या दशलक्षांश भागाने जरी चुकले, तरी 300 मीटरांचा फरक पडतो. पण येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ग्रहणयंत्र केवळ ऐकते, उलट काही बोलत नाही. खाली कोण ऐकत आहे, याचा उपग्रहाला गंधही नसतो.

1 सप्टेंबर 1983 रोजी वाट चुकलेले एक कोरियन प्रवासी विमान रशियाने पाडले आणि 269 माणसे मेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने ही व्यवस्था नागरिकांनाही खुली राहील असे जाहीर केले. मात्र नागरिकांसाठीच्या संदेशात मुद्दाम घोळ घालून ठेवला होता. सुमारे 100 मीटरांची चूक व्हायची; म्हणजे हमरस्त्यावरची गाडी यंत्राने खुशाल मागल्या गल्लीत दाखवावी! हा घोळ मे 2000 मध्ये काढला गेला.

ठिकाण कळले तरी नकाशा नसेल तर त्याचा उपयोग काय? तोही सरकारी पैशानेच झाला. 1990 च्या जनगणनेसाठी अमेरिकेच्या जनगणना खात्याने भूमापन खात्याच्या साहाय्याने देशातले रस्ते संगणकात उतरवले. ज्या कारकुनांनी आणि नकाशेकारांनी हे काम उपसले, त्यांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत. हा नकाशा सर्वांस खुला होता आणि कंपन्यांनी त्याचा लाभ उठवला. 1991 साली डेलॉर्म कंपनीने सगळ्या अमेरिकेतले रस्ते एका सीडीवर आणले, आणि पुढे लॅपटॉपला जोडण्याची ग्रहणयंत्रेही विकायला काढली.

झाले, मोटारीत संसार मांडला गेला! शेजारच्या आसनावर लॅपटॉप, पुढल्या काचेखाली साबणाच्या वडीएवढे ग्रहणयंत्र, दोहोंमध्ये लोंबती वायर, आणि विजेसाठी सिगारेट पेटवण्याच्या खोबणीतून ओढलेली दुसरी. ग्रहणयंत्र दर सेकंदाला अक्षांश-रेखांशाच्या ओळी पाठवी. त्या ओळींची भाषा 1983 साली बोटींवरच्या उपकरणांसाठी ठरलेली. लॅपटॉप त्यांवरून नकाशावर एक खूण सरकवीत नेई. उन्हात पडदा दिसत नसे. हाकणाऱ्याने पडद्याकडे पाहावे तर रस्ता सुटे. म्हणून शेजारी वाचून दाखवणारा माणूस असला तर बरे! थट्टा करावी असाच हा थाट होता. परंतु नकाशा, गणित आणि कोठून कोठे गेलो याची नोंद, तिन्ही त्या गाडीतच राहत. मालकी वापरणाऱ्याची होती. या एका गुणापायी आम्ही त्या अवजड खटल्याला मान देतो.

पुढे ग्रहणयंत्राला बिनतारी जोड मिळाली. ऐकणारे यंत्र बोलू लागले, आणि वाटाड्याच्या जागी मुकादम आला. न्यूयॉर्कच्या टॅक्सीखात्याने प्रत्येक टॅक्सीत असे यंत्र सक्तीचे केले, तेव्हा तिथल्या चालकांच्या संघटनेने 5 व 6 सप्टेंबर 2007 रोजी संप केला. त्या चालकांत आपल्या बाजूच्या देशांतून गेलेले पुष्कळ होते. चालकांवर पाळत ठेवण्याचा हेतू नाही, असे खाते सांगत होते. यंत्रे बसलीच. मार्च 2010 मध्ये त्याच नोंदींवरून, शहरातल्या फेरीस बाहेरचा दुप्पट दर लावल्याचा ठपका 35,000 हून अधिक चालकांवर ठेवण्यात आला. दोन-तीन महिन्यांतच खात्याला हा आकडा बराच खाली आणावा लागला. ज्यांनी खरोखर लबाडी केली त्यांची वकिली आम्ही करीत नाही. पण ज्यांची नावे मागाहून गळली, त्यांच्यावरचा डाग कोणी धुतला?

टीमस्टर्स युनियनने निराळी वाट धरली. पार्सले पोचविणाऱ्या यूपीएस कंपनीशी केलेल्या करारात तिने असे कलम घालून घेतले, की निव्वळ जीपीएसच्या माहितीवरून कोणालाही कामावरून काढता येणार नाही. अपवाद ठेवला तो अप्रामाणिकपणाचा. अप्रामाणिकपणा कशाला म्हणावे, याचा वाद मात्र दर वेळी नव्याने घालावा लागतो, आणि त्या वादात यंत्राची नोंद मालकाच्या बाजूच्या टेबलावर असते.