पाण्याची वाट : वसईच्या हरित लढ्याची आठवण

आपण पांडेसऱ्याची मंडळी मुंबईला निघालो की विरार, नालासोपारा, वसई ही स्थानके खिडकीतून पाहतो. चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतलेला वसईचा किल्ला आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्याच वसईच्या गावकऱ्यांनी अडीचशे वर्षांनी दिलेला दुसरा लढा मात्र आपल्या घरांत फारसा सांगितला जात नाही.

वसई तालुक्याची ठेवण समजून घेतली पाहिजे. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला वसईची खाडी. डोंगरावरचे पावसाचे पाणी सखल शेतांत, खाजणांत आणि मिठागरांत पसरायचे व ओहोटीबरोबर समुद्राला मिळायचे. पश्चिमेच्या गावांत केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाल्याच्या वाड्या होत्या. त्यांची सारी भिस्त गोड्या पाण्याच्या विहिरींवर होती.

१९८८च्या सुमारास शासनाने हा हरित पट्टा बांधकामाला खुला करण्याचे धोरण घेतले आणि १९९० साली नियोजन सिडकोकडे आले. सखल जमिनींवर माती-दगडाचा भराव पडू लागला. नव्या इमारतींसाठी गावांतल्या विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले. उपसा वाढला तशी विहिरींत खारे पाणी शिरण्याची भीती उभी राहिली.

तेव्हा गावे एकत्र आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने मोर्चे काढले, न्यायालयात दाद मागितली. ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी एका रांगेत चालले, बायाबापड्याही मागे राहिल्या नाहीत. धाकदपटशाला न घाबरता हे चालले होते. आदिवासींच्या बळकावलेल्या जमिनींसाठी झगडणाऱ्या नवलीन कुमार यांचा जून २००२ मध्ये नालासोपाऱ्यात खून झाला. पुढे हेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

लढ्याला पूर्ण यश आले नाही. पश्चिमेचा काही पट्टा वाचला, पण इतरत्र भराव होतच राहिला. २००९ साली महानगरपालिका झाली, तेव्हा गावे तिच्यात घालू नयेत म्हणून पुन्हा आंदोलन झाले. जुलै २०१८ मध्ये तर वसई-नालासोपारा कित्येक दिवस पाण्यात होते. रूळ बुडाले, गाड्या अडकल्या, प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. सुरतेची माणसेही तेव्हा स्थानकांवर ताटकळली होती. गावकऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी जे सांगितले होते, ते त्या पावसात सर्वांना दिसले.

हे सारे आम्ही दुसऱ्यांच्या गावाची गोष्ट म्हणून लिहीत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी सुटले आणि तापीने सुरत बुडवली. त्यानंतर जेमतेम वीस दिवसांनी, २७ ऑगस्टला, गणेशचतुर्थी होती. तो पूर तापीचा होता. आपल्या भागात दर पावसाळ्यात धास्ती असते ती भेदवाड खाडीची. ‘खाडीपूर’ हा शब्द आपली मुले बोलायला लागताच शिकतात. पण खाडीकाठचा स्वस्त प्लॉट घेताना, ‘सखल आहे, भराव टाकून देतो’ असे विकणारा म्हणाला, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी विचारले की इथले पाणी आता कुठे जाईल? आम्ही फक्त हप्ता विचारला. वसईत भरावावर घर घेणाराही आपल्यासारखाच, मुंबईत जागा न परवडलेला नोकरदार होता. त्याच्याशी गावकऱ्यांचे वैर नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की पाण्याची वाट अडवू नका.

निदान आता घर घेताना मुलांना तेवढे विचारायला शिकवू या. खाडीत राडारोडा पडताना दिसला तर सोसायटीने मिळून अर्ज देऊ या. एकट्याच्या अर्जापेक्षा पन्नास सह्यांचा अर्ज लवकर वाचला जातो, हे सरकारी नोकरीत आम्ही रोज पाहतो. बाप्पांना आपण पूर्वी वाहत्या पाण्यात निरोप द्यायचो. ते पाणी वाहते ठेवणे हीही त्यांचीच सेवा आहे.

गणपती बाप्पा मोरया!